लिंबाखालची गादी

"अहो, हे झाड आहे की तापाने फणफणलेला पाहुणा? गळ्यापर्यंत पांघरूण कशाला घातलंय?"

लेकीच्या बाळंतपणाहून बायको परत आली आणि पिशवी ओट्यावर टाकून थेट परसात गेली. मी आत चहा टाकत होतो, शाबासकी मिळणार या आशेने. ओरडा ऐकला आणि चहा तसाच सोडून पळालो.

आधी माझी बाजू सांगतो, कारण तिची बाजू अख्ख्या आळीने ऐकलीच आहे. मी गाद्या भरणारा माणूस. चापूनचोपून बसवायचं, कोपरे काढायचे, वरून काठीने थोपटायचं, ही हाताची सवय. जाताना बायको म्हणाली होती, "झाडांखालचा पाला कमी झाला की थोडा टाका. माती उघडी पडू देऊ नका. आणि लिंबोणीला जपा." लिंबाला यंदा पहिल्यांदाच फुलं आली होती. गेले कित्येक उन्हाळे भांडी विसळलेलं पाणी बादलीने वाहून तिने ते झाड जगवलं होतं.

मग मी जपलं. वाळका पाला, गवत, सुताराकडचा भुसा, जे मिळेल ते आणून जुन्यावर नवा थर, त्यावर आणखी नवा. पायाने दाबला, काठीने थोपटला, बुंध्याला चारी बाजूंनी घट्ट लपेटला. कडा तर अशा सरळ काढल्या की येणारेजाणारे थांबून बघायचे. निदान मला तसं वाटायचं. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा म्हटलं, ऊन फार आहे, बिचाऱ्याला आणखी एक थर देऊ.

बायकोने तांब्याभर पाणी त्या गादीवर ओतलं. पाणी वरच्यावर घरंगळलं आणि माझ्या पायांवर आलं.

"रोज पाणी घालत होतात ना?"

"घालत होतो की! बादली बादली."

"मग जात कुठे होतं?"

रोज माझेच पाय भिजायचे, हे मला तेव्हा आठवलं.

तिने खाली बसून पाला उपसायला घेतला. तो फळीसारखा निघाला. खालची माती पांढरी, भेगाळलेली. जे काही थोडं झिरपलं होतं ते बुंध्यालगत कोंडून बसलं होतं. तिथली साल बोटाला मऊ लागली आणि आंबूस वास आला. बायकोने जरा वरच्या बाजूला नखाने साल खरवडली.

"अजून हिरवं आहे," ती म्हणाली, आणि तो ओरखडा अंगठ्याने झाकून धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, गिऱ्हाइकांना काय सांगता तुम्ही? कापूस दबला की गादी उसवा, पिंजा, थोडा नवा घाला. जुन्यावर नुसतं नवं लादून चालतं का?"

"नाही चालत."

"मग?"

मी दाताळं शोधायला गेलो.

दुकान बंद ठेवलं. दाताळ्याने तो थर फोडला, हाताने मोकळा केला, बुंध्यापासून वीतभर लांब सारला. वर वाळका पाला नुसता भुरभुरवला. सवयीने थोपटायला गेलो तर बायकोने हातावर फटका दिला. पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. या वेळी ते मुकाट्याने आत गेलं.

पण फुलं सगळी गळाली. पानंही निम्मी गेली. त्यात लेकीची तब्येत पुन्हा बिघडली आणि बायकोला परत निघावं लागलं.

"या वेळी नीट बघतो," मी म्हणालो.

तिने पिशवी उचलली आणि शेजारच्या नर्सबाईंना हाक मारली. "ताई, झाडाकडे लक्ष नाही दिलंत तरी चालेल. ह्यांच्याकडे तेवढं द्या." आणि माझी थोपटायची काठी त्यांच्या हवाली केली.

नर्सबाईंनी हे थट्टेवारी नेलं नाही. संध्याकाळी यायच्या, पाल्यात बोट घालून ओल बघायच्या, पाणी घालायच्या आणि माझ्यासमोरच फोन लावायच्या. "पेशंट जैसे थे. भाऊंनी हात लावलेला नाही." मी दारात उभा राहून शिकाऊ नोकरासारखा ऐकायचो.

एका संध्याकाळी त्या वाकल्या त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "भाऊ, इकडे या. लांबूनच बघा." वरच्या फांदीवर तांबूस कोंब फुटले होते, एक नाही, चांगले चार-पाच. नर्सबाईंनी फोन लावून माझ्या कानाला दिला.

"अहो, खरंच काही केलं नाहीत ना तुम्ही?"

"काही नाही गं. शप्पथ."

"गुणाचे आहात बाई तुम्ही!"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला गुणाचं म्हटलं ते हे पहिल्यांदा. डोळे भरून आले म्हणून मी नर्सबाईंकडे पाठ केली. समोरच तो भुरभुरवलेला पाला पसरला होता, कोपरे न काढलेला, ओबडधोबड. मी फोन परत दिला आणि दोन्ही हात खिशात घालून घट्ट धरून ठेवले.