कोटावरचा फवारा

लोक कुत्री-मांजरं पाळतात, मी डास पाळते. वर त्याचा पगार घेते. बेंगळूरच्या एका प्रयोगशाळेत डेंग्यू कसा पसरतो यावर संशोधन चालतं, आणि त्यासाठी लागणारे निरोगी डास अंड्यापासून वाढवणं हे माझं काम.

म्हणून आमच्या सर्जापूर रोडच्या घरात कॉइल नाही, मशीन नाही, फवारा तर नाहीच. कपड्याला त्याचा अंश लागला तरी पिंजराच्या पिंजरा मरतो. निपाणीहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईला हा नियम पाठ आहे.

दुसरी एक गोष्ट मात्र मी तिला कधीच सांगितली नाही. डास जन्माला येतो तो कोराच. आधी तो आजारी माणसाला चावतो आणि मग तो आजार पुढच्याला देतो. माझा भाऊ अजिंक्य गणपतीत डेंग्यूनं गेला. त्याआधी राखीला आई तापानं फणफणली होती, आणि घरात आजारी ती एकटीच होती. हे तिला कळलं तर ती खचेल, या भीतीनं मी कामाचा विषय निघाला की अळ्या काय खातात यावरच बोलायची.

काल मी घरी धुतलेला प्रयोगशाळेचा कोट घालून पिंजऱ्यात हात घातला, आणि बघता बघता डास उताणे पडले. कित्येक महिन्यांची मेहनत मातीत गेली. बाहीला फवाऱ्याचा वास येत होता.

मी तणतणतच घरी आले. भर दुपारी आई मच्छरदाणीत बसली होती.

"आई, कोटावर काय मारलंस?"

"डासाचं औषध. पडद्यांवर बी मारलं. दुकानदार म्हणाला स्वल्प मारा, मी डबाच रिता केला."

"नियम माहीत असून? मेले सगळे! काय वाकडं केलं होतं त्यांनी तुझं?"

बोलले आणि जीभ चावली. मी पुढे झाले तशी आईनं हात वर केला.

"लांब थांब गं. कालपासून कणकण आहे मला. माझं घेऊन एखादा तुला चावला तर? एक लेकरू गेलं माझ्या तापापायी, तेवढं पुरे."

राग कुठल्या कुठे गेला. "तुला कधी कळलं?"

"तू या नोकरीला लागलीस तवाच. डॉक्टरांना विचारलं. तुला कळू नये म्हणून बोलले न्हाई."

मच्छरदाणी उचलून मी आत शिरले. ती मला बाहेर ढकलत राहिली, आणि मी तिला घट्ट धरून रडत राहिले.