महिन्याला सहा

घरातल्या दोन सुनांपैकी ही धाकटी, म्हणून लग्न झाल्यापासून सगळे तिला धाकटीच म्हणत. आता पन्नाशी दोन वर्षांवर आली होती, कानशिलांजवळचे केस पांढरे झाले होते, तरी नाव तेच. ती कामाला होती त्या रुग्णालयात नवऱ्याने एकदा फोन करून "धाकटी आहे का" असं विचारलं, आणि एक्स-रे विभागातही ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

लेक शिकायला बाहेरगावी गेली त्या वर्षी तिने वाचनाचा नेम धरला. फोनवरच्या एका वाचकगटात नाव घातलं. गटाचा नियम सरळ होता. महिन्याला सहा पुस्तकं वाचायची, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर दोन ओळी लिहायच्या आणि महिनाअखेरीला आकडा कळवायचा. गट चालवणाऱ्या निवृत्त बाईंना सगळे मॉनिटर म्हणत. पहिल्याच महिन्यात धाकटीने सात पुस्तकं कळवली, तेव्हा मॉनिटरबाईंनी तिचं नाव सगळ्यांत वर टाकलं. तिथून तिच्या पायाला चाक लागलं.

वाचून एक व्हायचं तोवर घरात तीन यायची. कुणी वाचा म्हणून द्यायचं, कुठे दिसलं की ही उचलायची. पलंगाशेजारचं टेबल भरलं, मग खुर्ची भरली, मग खिडकीचा कट्टा. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो एकदा त्या टेबलाकडे बघत म्हणाला, "लिफ्टमध्ये किती माणसं चढवायची ते आम्ही आत लिहून ठेवतो. या टेबलाचं कुणी लिहिलंय का?"

"तुम्ही वर्तमानपत्राचं शेवटचं पान तेवढं वाचता. तुम्हाला काय कळणार?"

"मला एवढं कळतं की तू खुर्चीत बसून वाचायचीस, आता उभ्याने वाचतेस."

ते खरं होतं. फोडणी होईपर्यंत एक पान, बस येईपर्यंत दोन, एक पेशंट आत कपडे बदलतोय तोवर अर्धं. पुस्तक उघडलं की ती आधी शेवटचं पान बघायची. गोष्ट कशी संपते यासाठी नव्हे, आकडा किती आहे ते बघायला. दोनशे चाळीस म्हणजे चार दिवस, एकशे दहा म्हणजे दीड. मग ती बारीक पुस्तकंच शोधू लागली. मग वर्णनं गाळू लागली, नुसते संवाद वाचू लागली. वाचून झाल्यावर आठवड्याने विचारलं असतं तर नायकाचं नाव सांगता आलं नसतं. लेक फोनवर बोलत असली तरी हिची नजर टेबलाकडे. लेक म्हणायची, "आई, तू हं हं करतेयस." त्यावरही हिचं उत्तर "हं".

अशातच जाऊबाईंचं पुस्तक आलं. जाऊबाई टपाल कचेरीत नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. रिकाम्या वेळात त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या आणि स्वतःच दीडशे प्रती छापून घेतल्या. पिवळं कव्हर, एकशे बेचाळीस पानं. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, स्वतः येऊन प्रत देऊन गेल्या. देताना म्हणाल्या, "सावकाश वाच. पण वाच."

"वाचणारच ना, ताई," असं म्हणून धाकटीने ते टेबलावर ठेवलं. घरच्या माणसाचं पुस्तक, कधीही वाचता येईल. त्याच्यावर दुसरं आलं, तिसरं आलं. दोन महिने ते तसंच राहिलं.

त्या महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी तिची पाच झाली होती. सहावं अर्ध्यावर होतं, आणि ते जाडं होतं. दुपारी एक्स-रेच्या खोलीबाहेर रांग लागलेली, आत एका माणसाची छाती यंत्रासमोर उभी. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे ती तोंडाने म्हणत होती आणि मनात पानं मोजत होती. संध्याकाळी तिने पिवळं पुस्तक काढलं, पहिली सहा पानं वाचली, शेवटची दोन वाचली. माहेर, लग्न, कचेरी. सगळं माहीतच आहे, असं तिला वाटलं. तिने गटात लिहिलं, "सहावं पुस्तक घरातल्याच माणसाने लिहिलेलं. फार खरं. वाचून मन हलकं झालं." तिने आकडा टाकला आणि मॉनिटरबाईंची टाळी पडली.

त्या गटात जाऊबाईही होत्या. धाकटीनेच त्यांना घेतलं होतं. त्या कधी काही लिहीत नसत, पण इतरांचं लिहिलेलं सगळं वाचत.

दुसऱ्या दिवशी जागा व्हावी म्हणून धाकटीने झालेल्या पुस्तकांची पिशवी भरली आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईला दिली. तिची आई पडून मांडीचं हाड मोडून घेऊन बसली होती. तिचा एक्स-रे धाकटीनेच काढला होता. म्हातारीला अंथरुणात वाचायला हवं होतं. पिशवीत पिवळं पुस्तकही गेलं.

चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास जाऊबाई रुग्णालयात आल्या. रांगेतल्या बाकावर पेशंटसारख्या बसून राहिल्या. धाकटी घाबरून बाहेर आली. "काय झालं ताई? कुठे लागलं का?"

"काही नाही. तुला बघायला आले."

धाकटीने त्यांना कपडे बदलायच्या आडोशात नेलं. तिथे जाऊबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. तीस वर्षांत त्यांनी असे हात कधी धरले नव्हते.

"तू वाचलंस," त्या म्हणाल्या. "आणि वाचून असं लिहिलंस. मला वाटलं होतं, वाचल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस. छापायला दिलं त्या दिवसापासून मला धड जेवण गेलं नव्हतं."

काय वाचलं, कशावर लिहिलं, काही ठाऊक नाही. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेरून कुणीतरी रांगेचा नंबर ओरडत होतं. ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या ताई. झालं गेलं."

"तुझं मन मोठं आहे," जाऊबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या.

त्या दिवशी तिच्या हातून दोन फोटो बिघडले. एकाचा डावा गुडघा काढायचा तर उजवा काढला. जेवणाच्या सुट्टीत ती खिडकीवर धावली. "त्या पिशवीतलं पिवळं पुस्तक परत हवंय."

खिडकीवरची बाई म्हणाली, "आईने तेच धरलंय. बाकीच्यांना हात लावला नाही. रोज दोन पानं वाचते, बोट ठेवून. मागितलं तर माझ्यावरच ओरडेल."

"माझं कामच आहे गं त्याच्याशी."

"मग या घरी. तुम्हीच मागा."

दुसरी प्रत कुठून आणणार? घरात आलेली तेवढी एकच. जाऊबाईंकडे मागायची तर सगळं उघडं पडणार. नवऱ्याला तिने विचारलं, "ताईंनी पुस्तकात माझ्याबद्दल काय लिहिलंय?" तो म्हणाला, "वाचलंस की तू. मला काय विचारतेस?" रात्रभर ती कूस बदलत राहिली. काय केलं असेल या बाईने आपलं? दागिने तर आपल्याकडे नव्हतेच. कुणाकडे चहाडी? लेकीच्या बाबतीत काही? एकेक वर्ष उलगडून बघितलं, हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून ती थेट म्हातारीकडे गेली. म्हातारी उशांना टेकून बसली होती, पाय लांब केलेला, चष्मा दोऱ्याने गळ्यात. पुस्तक मांडीवर.

"देणार नाही," ती आधीच म्हणाली. "मुलीने सांगितलं मला. माझं व्हायचंय अजून. इथे बसून वाच हवं तर. माझी खूण हलवू नकोस."

"तुमचं कुठवर आलं?"

"ते सासूचं प्रकरण संपलं काल. पुन्हा वाचतेय. बिचारी."

"कोण बिचारी?"

"सासू. आणि ती धाकटी. दोघी. वाच, म्हणजे कळेल."

धाकटी खुर्ची ओढून बसली आणि म्हातारीने दाखवलेल्या पानापासून तिने वाचायला घेतलं. एक ओळ गाळली नाही. गाळण्यासारखं काही नव्हतंच.

लेक तीन वर्षांची असतानाची गोष्ट. तेव्हा सगळे एका घरात राहत. धाकटीची निवड मोठ्या रुग्णालयातल्या शिक्षणासाठी झाली होती. नवं यंत्र, सहा महिने, दुसऱ्या शहरात. बरोबरच्या सगळ्यांतून ती एकटीच निवडली गेली होती. जाऊबाई तिला म्हणाल्या होत्या, "तू जा, पोरीला मी बघते." आणि आठ दिवसांनी सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नाही जायचं. माझ्याच्याने पोर सांभाळणं होणार नाही." नवरा आईपुढे बोलला नाही. धाकटी गेली नाही. दुसरी कुणी गेली, आज ती त्या रुग्णालयात विभागाची प्रमुख होती. त्यानंतर पंधरा वर्षं धाकटी सासूशी कामापुरतं बोलली. ताट वाढलं, औषध दिलं, पाय चेपले, पण एक शब्द जास्तीचा नाही. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा तिला रडूही आलं नाही.

जाऊबाईंनी लिहिलं होतं, की त्या नकाराच्या आदल्या रात्री त्या स्वतः सासूबाईंकडे गेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, मला नोकरी, माझी दोन मुलं, तिचं तिसरं मला जमणार नाही. आणि खरं कारण तेही नव्हतं, असं पुढे लिहिलं होतं. ती पुढे जाईल आणि मी तिकिटं विकत बसेन, हे मला सहन होत नव्हतं. सासूबाईंना म्हटलं, तिला मात्र माझं नाव सांगू नका. सासूबाई म्हणाल्या, तुम्हा दोघींना अजून जन्म काढायचाय एकमेकींबरोबर. माझं काय, माझ्यावर रागावू दे. शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

"हुशार बाई होती सासू," म्हातारी म्हणाली. "पण चुकली. त्या धाकटीला सांगायला हवं होतं. पंधरा वर्षं भलत्याच माणसावर राग धरला पोरीने. आता हे वाचून ती काय करत असेल, मी सकाळपासून तोच विचार करतेय."

धाकटीने पुस्तक मिटलं, म्हातारीची खूण होती तिथेच ठेवली आणि चप्पल घालून बाहेर पडली. दोन बस सोडल्या. चालतच निघाली.

पुढचे तीन आठवडे तिने पुस्तक उघडलं नाही. घरात एका जागी बसवेना. टेबल आवरायला घ्यायची, अर्ध्यात सोडायची. सासूबाईंचं कपाट उघडून उभी राहायची. आत आता चादरी होत्या. पाय चेपताना एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुझे हात चांगले आहेत, रागावलेले असले तरी." तेव्हा तिने ऐकलं न ऐकलं केलं होतं.

महिनाअखेर आली. मॉनिटरबाईंनी आकडा विचारला. तिने शून्य लिहिलं, आणि गेल्या महिन्याची पाचच धरावीत, सहावं वाचलं नव्हतं, असंही लिहिलं. फोन बंद करून ती जाऊबाईंकडे गेली. ते लिहिलेलं जाऊबाईंच्या नजरेला पडायच्या आत तिला तिथे पोचायचं होतं, पण दार उघडणाऱ्या जाऊबाईंच्या हातात फोन होताच.

"वाचलं नव्हतंस?"

"नाही. आकडा भरायचा म्हणून लिहिलं. नंतर वाचलं."

जाऊबाई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे त्या दिवशी रुग्णालयात..."

"तुम्ही कशाबद्दल बोलताय ते मला माहीत नव्हतं."

"मग आता?"

"आता रागावलेय. खूप." हे सांगताना तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझं शिक्षण गेलं ते एक वेळ सोडते. मी आईंशी पंधरा वर्षं बोलले नाही, ताई. त्या आजारी असताना रोज समोर होत्या. तुम्ही तेव्हा सांगू शकला असता. त्या ऐकायला होत्या."

"हिंमत झाली नाही."

"पुस्तक छापायची झाली."

जाऊबाईंनी मान खाली घातली. "लिहायला सोपं गेलं. तोंडाने सांगायचं तर आताही जीभ वळत नाही." मग त्या म्हणाल्या, "मग ते मन हलकं झालं वगैरे, ते परत घेतेस?"

"घेते. नंतर कधी द्यावंसं वाटलं तर देईन. आत्ता सांगता येत नाही."

खालून कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. धाकटीला वाटलं, आता जावं. पण पाय निघेना. घरी जाऊन तेच कपाट, तेच टेबल.

"आत येऊ का?" तिने विचारलं.

जाऊबाई बाजूला झाल्या. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"आईंचं सांगा मला," ती म्हणाली. "ती पंधरा वर्षं. माझ्या पाठीमागे त्या माझ्याबद्दल काय बोलायच्या, सगळं. काही गाळू नका."

जाऊबाई समोर बसल्या. त्यांनी फोन पालथा ठेवला, दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि कुठून सुरुवात करावी ते कळेना म्हणून आधी म्हणाल्या, "तुझी पाळी रात्रीची असली, की त्या जाग्या राहायच्या. तू आलीस, की झोपल्याचं सोंग घ्यायच्या."

"पुढे," धाकटी म्हणाली.