बोटीवरचा, अंथरुणावरचा

बिस्कीट मधोमध तुटलं नाही. एक तुकडा मोठा झाला, एक छोटा, आणि डॉक्टरीणबाईंनी मोठा तुकडा मुख्याध्यापिकांच्या बशीत ठेवला — न विचारता, घरात एकमेकांना देतात तसा. मुलीला घेऊन ती दारात उभी होती, तिला तो तुकडा दिसला. म्हणजे हे लोक एकमेकांना ओळखतात. नुसते ओळखत नाहीत, एकमेकांच्या बशीत हात घालण्याइतके ओळखतात.

आजवर ती धरून चालली होती की दवाखाना दवाखान्याच्या जागी असतो, शाळा शाळेच्या जागी, आणि समाजकल्याणाचं कार्यालय त्या दोघांपासून लांब, पुलापलीकडे, जिन्यात कायम ओल्या फडक्याचा वास येणाऱ्या त्या इमारतीत. मध्ये रस्ते आहेत, सिग्नल आहेत. एकीकडून निघून दुसरीकडे पोचेपर्यंत माणसाला चेहरा बदलायला वेळ मिळतो... आणि आज तिन्ही एका टेबलाभोवती, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, चहा पीत. जणू माहेर आणि सासर आपल्या माघारी गुपचूप भेटत होतं आणि आपण पाणी प्यायला म्हणून चुकून दार उघडलं.

“या, बसा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “आजपासून तुम्हाला तीन ठिकाणी जाऊन तेच तेच सांगायला नको. तुमच्या मुलीचं जे काय ते आम्ही तिघं मिळून ठरवणार. समन्वय.”

तेच तेच. तीन ठिकाणी तेच तर तिने कधी सांगितलंच नव्हतं.

ती बसली, कुणीतरी हातात बिस्कीट दिलं. मुलगी खिडकीखाली बसली आणि रंगाच्या डब्याचं झाकण फिरवू लागली. घरी तिला भिंगरी म्हणतात. हाताला लागेल ते फिरवते — झाकण, बशी, एकदा तर थोरल्या काकांची टोपी, काका आत असताना. बोलत मात्र नाही. एक आवाज तेवढा काढते, घशातून, घर्रर्र असा. डॉक्टरीणबाईंच्या मते ती गाडी आहे. शाळेच्या मते वाघ. कार्यालयातल्या दादाच्या मते तो राग आहे आणि त्याला वाट करून द्यायला हवी. आज बहुधा यावरही एकमत होणार.

पण भीती त्याची नव्हती. भीती नवऱ्याची होती, म्हणजे नवऱ्यांची.

दवाखान्यातला नवरा बोटीवर होता. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, बाबा का येत नाहीत, बोलतं करायचं तर दोघांनी शिकायला हवं, आणि एकदा उत्तर शोधत तिची नजर भिंतीवर गेली, तिथे जहाजाचं कॅलेंडर होतं. हत्तीचं असतं तर काय बोलले असते कोण जाणे. शाळेतला नवरा अंथरुणाला खिळलेला होता, कारण पालकसभेला न येण्याचं ‘बोटीवर’ हे कारण शाळेत वापरायला तिला कसंसंच झालं, ते दवाखान्याचं होतं. तिथे पाठीचं दुखणं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी कुठलासा पट्टा सुचवला, मग एक डॉक्टर सुचवले, आणि प्रत्येक उपायागणिक तिला त्याचं दुखणं थोडं वाढवावं लागलं.

आणि दादा... तिच्यापेक्षा लहानच असेल, पण ती दादाच म्हणते. एकट्या आईच्या मुलांना वर्गात शेजारी बसायला मदतनीस बाई मिळते, हे त्यानेच सांगितलं होतं. त्या दिवशी नवी चप्पल चावत होती, टाचेचं कातडं निघालेलं, आणि तिथे बसल्या बसल्या तिला रडू आलं. त्याने फॅन बंद केला. हळूच विचारलं, “कधी वारले?” आणि ती म्हणाली, “थंडीत.” महिना विचारला असता तर अडकले असते. त्याने विचारला नाही. तो उठून मान खाली घालून उभा राहिला, मग तीही उभी राहिली, आणि पुढच्या सोमवारी मदतनीस बाई वर्गात हजर. तेव्हापासून भिंगरी बाकाखाली बसत नाही, बाकावर बसते. ती बाई उद्या काढून घेतली तर मुलगी पुन्हा बाकाखाली. एवढ्यासाठी माणूस नवऱ्याला कुठेही पाठवतो.

खरा नवरा मिक्सरचं भांडं घेऊन गेला होता.

पातं सैल झालं होतं. “बसवून आणतो, आलोच,” म्हणाला आणि भांडं पिशवीत टाकून घरातल्याच चपलांवर गेला. भांडण नाही, काही नाही. दुपारी फोन बंद लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, कुणी आलंच नाही. थोरल्या दिरांना तिने सांगितलं, लांबचं काम मिळालंय. पोलीस चौकीच्या दारापर्यंत एकदा गेली, तिथल्या शिपायाला पोस्टाचा रस्ता विचारला आणि परत आली. पोस्टात काही काम नव्हतं. चौकीत सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं... न सांगता तो निदान बोटीवर तरी होता. कधी कधी रेडिओचा आवाज ती आपोआप कमी करायची, आतल्या खोलीत आजारी माणूस झोपलाय म्हणून. आतली खोली रिकामी. मिक्सर ओट्यावर, भांड्याविना, नुसतं बूड.

“आता वडिलांचं बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बोटीवरून परत कधी यायचेत?”

“बोटीवरून?” मुख्याध्यापिका हसल्या. “अहो, ते झोपून आहेत. पाठ.”

दादाने कप खाली ठेवला. खूप हळू ठेवला, तरी वाजला. “मॅडम,” तो म्हणाला, “ते वारले.”

झालं. समोरच्या भिंतीवर मुलांनी काढलेली घरं होती, सगळ्यांना धुराडी, धुराडी असलेलं एकही घर या गावात नाही, आणि ती ती धुराडी बघत राहिली. आता विचारतील. आता बाई काढून घेतील. भिंगरी बाकाखाली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. “म्हणजे बोटीवरच पाठीला लागलं असणार.”

“मग घरी आणलं,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “बरोबर. आमच्याकडे त्या तेव्हाचं सांगत होत्या.”

“आणि मग थंडीत...” दादा.

“थंडीत पाठीची दुखणी बळावतातच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आणि मी त्यांना पट्टा सुचवत बसले,” मुख्याध्यापिका पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, खरोखर. “काय वाटलं असेल यांना.”

“आपणच एकमेकांना कळवलं नाही. चूक आपली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणून तर समन्वय हवा,” दादा म्हणाला.

ती बघत राहिली. कुणी चिडलं नव्हतं. कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. तिने जे तीन तुकडे इतके दिवस एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या रस्त्यांवर सांभाळले होते, ते या भल्या माणसांनी जोडून दिले होते, आणि जोड कुठे दिसतसुद्धा नव्हता. तिला स्वतःला इतकं चांगलं जमलं नसतं. बोटीवर गेला, पडला, झोपून राहिला, वारला. माझा नवरा माझ्यासमोर, दुपारच्या चहाला, तीन खात्यांच्या सहकार्याने वारला, आणि मी हातात बिस्कीट धरून बसलेय.

“असंच झालं ना, ताई?” दादाने विचारलं.

नुसती मान हलवायची. मदतनीस बाई राहते, दवाखाना राहतो, सगळं राहतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बोटीवरचा परत येऊ शकत होता... अंथरुणावरचा उठू शकत होता. थंडीत वारलेला फक्त पुलापलीकडे वारलेला होता, इकडच्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता. आता तो सगळीकडे एकच झाला होता. मान हलली की नाही तिला कळलं नाही. त्यांच्या लेखी हलली असावी, कारण मुख्याध्यापिका उठल्या, मग डॉक्टरीणबाई, मग दादा, खुर्च्या फरशीवर करकरल्या, आणि तिघांनी माना खाली घातल्या. दादाने उठता उठता फॅन बंद केला.

तीही उभी राहिली. अशा वेळी आपण बसून राहिलो तर बरं दिसत नाही.

फॅन थांबला तशी खोली फार शांत झाली, आणि त्या शांततेत खिडकीखालून आवाज आला.

घर्रर्र.

थांबला. पुन्हा, घर्रर्र.

दादाने मान वर न करता सहानुभूतीने डोळे मिटले. राग, वाट करून द्यायला हवी. भिंगरीने एक तळहात झाकणावर दाबून धरला होता. घर्रर्र... थांबायचं, झाकणाखाली डोकावायचं, पुन्हा दाबायचं, घर्रर्र. थांबायचं, डोकावायचं. त्याचीच पद्धत. झाकणावर हात, बटण दाब, सोड, बघ झालं का, पुन्हा दाब. पोरगी ओट्याला टेकून उभी असायची आणि त्याच्यासोबत आवाज काढायची, आणि तो म्हणायचा, माझा मिक्सर बोलतो.

गाडी नाही, वाघ नाही. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, इतकं माहीत होतं की कुणाला सांगायचं सुचलं नाही. माहीत नव्हतं ते एवढंच, की ती खेळत नाहीये... ती विचारतेय. रोज विचारतेय, डोकावून बघतेय झालं का, आलं का. दवाखान्याला मी एक नवरा दिला, शाळेला एक दिला, कार्यालयाला एक. हिला कुठलाच दिला नाही. ही काही विचारत नाही, असं मी धरून चालले होते.

भिंगरीने झाकण सोडलं आणि दाराकडे बघितलं.

ती बसली की बाकीचे बसणार होते; तिच्याआधी बसणं त्यांना बरं दिसलं नसतं. मुख्याध्यापिकांच्या बशीत बिस्किटाचा मोठा तुकडा तसाच होता, चहावर साय धरत होती, तिघं भली माणसं माना खाली घालून वाट बघत होती. बसायला हवं. बसलं की झालं, तो वारला.

गुडघे वाकेनात.