मागायला गेलेली काठी

मी ऑलिव्हच्या लाकडाची एक जुनी काठी आहे. म्हाताऱ्यांनी टेकायची नव्हे, दूताने हातात धरायची. माझ्या माथ्यावर काशाचे दोन साप समोरासमोर तोंड करून बसलेले असत. मित्रांनो, ते कधी कुणाला चावले नाहीत. उलट त्यांना पाहिले की ताणलेली धनुष्ये खाली येत, कारण दूताच्या अंगाला हात लावायचा नाही, हा देवाचा कायदा.

कालामोस गावच्या टेकडीवर देवांचा दूत असलेल्या हर्मीसच्या देवळामागे माझे झाड होते. तिथल्या सुताराने एक सरळ फांदी निवडली, वर्षभर सावलीत वाळवली, तासली, तेल पाजले. पुजाऱ्याने पांढऱ्या लोकरीची पट्टी बांधली आणि मी देक्सियोसच्या घराण्यात आले. पिढीजात दूतांचे ते घर. आधी मी त्याच्या आजोबांच्या हातात होते, मग वडिलांच्या, मग त्याच्या. देक्सियोस चालता चालता देवाचे स्तोत्र गुणगुणायचा. सूर बेताचाच, पण भाव असा खरा की माझ्या लाकडालाही ओल यावी. दोन राजांमध्ये मी तह जुळवले, कैदी सोडवून आणले. बाजारातून जाताना बायका मला हात लावून कपाळाला लावायच्या. मीही थोडी फुगले होते, खोटे कशाला बोलू?

मग म्हातारा राजा लिकोन वारला. आपल्यामागे कोण, हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. दोन राण्यांचे दोन मुलगे. थोरल्या आग्लाओसने टेकडीवरचा किल्ला धरला, धाकट्या निकांद्रने बंदर. देक्सियोस आणि मी निकांद्रकडे होतो. नदीकाठच्या जवाच्या शेतात भाऊ भावाला भिडला. दुपार उलटायच्या आत निकांद्रची माणसे नदीच्या अलीकडे रेटली गेली. त्याची एकतीस माणसे पलीकडच्या काठावर मरून पडली. पाठलाग करत आलेली आग्लाओसची दोन माणसे आमच्या काठावर पडली.

आमच्याकडची रीत ऐका. लढाईनंतर जो दूत पाठवून आपली प्रेते मागतो, तो हरला. मग रणात कोण वरचढ होता हे कुणी विचारत नाही. मागितलेस ना, संपले. म्हणून निकांद्रने मला पाठवले नाही. दोन दिवस गेले. ऊन कडक होते. ज्याला माती मिळाली नाही तो जीव पाताळाच्या नदीकाठी ताटकळत राहतो, हे तर आमचे लहान पोरही सांगेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी फानो निकांद्रच्या तंबूत आली. ही त्याची दूधआई. तिचा स्वतःचा मुलगा केफिस, म्हणजे निकांद्रचा दूधभाऊ, त्या एकतीस जणांत होता.

"जेवलास का रे?" तिने विचारले.

"नाही, दाई."

"तोही नाही जेवला. तीन दिवस झाले."

निकांद्रने मान खाली घातली. "काठी पाठवली की राज्य गेलं. उद्या पुन्हा लढतो. जिंकलो की सगळ्यांना आपणच उचलून आणू. कुणापुढे तोंड वेंगाडायला नको."

"उद्या पडतील त्यांना मग परवा आणशील. आणि परवाच्यांना?"

एक सरदार वैतागला. "आजीबाई, या राज्याच्या गोष्टी आहेत. तुम्ही चुलीपाशी बसा."

"चुलीपाशीच होते हो मी. हा दात येताना तिथंच मला चावायचा. तेव्हा तुम्ही नव्हता मध्ये बोलायला."

तंबूत कुणीतरी हसले. निकांद्रचे लक्ष तिच्या चिखलाने भरलेल्या पदराकडे गेले. "हे काय? कुठे होतीस?"

"त्या दोघांना धूत होते. आग्लाओसच्या. त्यांनाही कुणी मागायला आलं नाही. तुझा भाऊ तुझ्याइतकाच शहाणा." तिने पदर पिळला. "म्हटलं, मी यांच्यावर पाणी घातलं, तर पलीकडची एखादी बाई माझ्या केफिसवर घालेल."

मग निकांद्र माझ्या मालकाकडे वळला. "देक्सियोस, तू काय म्हणतोस?"

"राजे, दूत स्वतःचं काही म्हणत नसतो. पाठवलंत तर जाईन."

निकांद्र उठला. माझ्यावरची जुनी पट्टी त्याने सोडली आणि नवी बांधली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"जा. आपली माणसं मागून आण," तो म्हणाला. "आणि त्याची दोघं त्याला तशीच दे. त्याला मागायला लावू नकोस."

कमरेइतक्या पाण्यातून देक्सियोस मला उंच धरून निघाला. त्या दिवशी तो गुणगुणत नव्हता. पलीकडचे शिपाई आम्हाला पाहून खिदळू लागले. "आला रे आला. धाकट्याची दाढी फुटायच्या आतच राज्य आटोपलं."

देक्सियोस आग्लाओससमोर उभा राहिला. "लिकोनचा मुलगा निकांद्र आपली माणसं मागतो आहे."

ढालींवर भाले बडवत सगळी छावणी गर्जली. ती शांत होईपर्यंत तो थांबला आणि त्याच आवाजात म्हणाला, "तुमची दोन माणसं आमच्या काठावर आहेत. धुतलेली आहेत, डोळे मिटलेले आहेत. येऊन घेऊन जा. त्यासाठी दूत नको."

पहिल्या रांगेतला एक पांढऱ्या केसांचा शिपाई मटकन खाली बसला. त्या दोघांतला एक त्याचा मुलगा होता. भाले पुन्हा वाजले नाहीत.

"कुणी धुतलं?" आग्लाओसने विचारले.

"निकांद्रच्या दाईनं. तिचा मुलगा तुमच्याकडे पडलाय."

आग्लाओसने नदीकडे पाहिले. मग म्हणाला, "घेऊन जा. माझी माणसं उचलायला हात देतील."

केफिसला निकांद्रने स्वतःच्या खांद्यावरून चितेपर्यंत आणले. राज्य त्याच दिवशी गेले. दहा सोबत्यांना आणि फानोला घेऊन तो गलबतावर चढला आणि परत आला नाही. देक्सियोस आणि मी मागे राहिलो, नव्या राजाचे दूत म्हणून. आग्लाओसने बावीस वर्षे राज्य केले. पुढच्या प्रत्येक लढाईनंतर, जिंकला असो की हरला, तो पहिल्याच दिवशी आपली माणसे मागायला मला पाठवायचा. जिंकलेली लढाईही हरल्यात जाते म्हणून सरदार कुरकुरायचे. तो ऐकून घ्यायचा आणि पाठवायचा.

पुढे देक्सियोस गेला. रोमचे सैन्य आले, त्यांचे हुकूम लिहून येत. दूताची काठी कुणाला हवी? मला देवळाच्या भिंतीला टांगून ठेवले. लोकर कसरीने खाल्ली. एक साप कुणीतरी पट्ट्याच्या बक्कलासाठी वितळवला. आता मला तडे गेले आहेत. कुणी विचारत नाही, आणि माझा राग नाही.

फक्त एक मागणे आहे, मित्रांनो. मागायची मला सवयच आहे. वर्षातून एकदा बोटभर तेल लावा, म्हणजे आणखी काही वर्षे तग धरीन. आणि ज्याच्याशी तुमचे वैर असेल त्याच्याकडचे माणूस तुमच्या दारात पडले, तर त्याच्यावर पाणी घाला. वैरी मागायला येईपर्यंत थांबू नका. जाताना देवापुढे क्षणभर उभे राहा. नदीकाठच्या त्या माणसांची नावे तुम्हाला ठाऊक नाहीत, मलाही सगळी आठवत नाहीत. एकतीस धाकट्याचे आणि दोन थोरल्याचे, असे मोजू नका. तेहतीस म्हणा. देव समजून घेतो.