वीतभर बुटकं टेबल

थोरल्याच्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी गॅरेजमधलं लाकडी टेबल मोडलं. दोघा भावांनी गिअरबॉक्स उचलून त्यावर ठेवला आणि टेबल गिअरबॉक्ससकट खाली बसलं. वाळवीनं पाय आतून पार पोखरले होते.

"गेलं बिचारं," थोरला म्हणाला. "पण उभ्या उभ्या गेलं. असं जावं माणसानं."

धाकटा थोरल्याच्या पायांकडे बघत होता. पाय सुजून चपलेबाहेर आले होते. चपलेचा पट्टा थोरल्यानं ब्लेडनं कापून सैल केला होता आणि वर तारेनं बांधला होता.

वहिनी सकाळीच दारात गाठून बोलली होती. "भाऊजी, डॉक्टर म्हणतात बसून काम करा, नाहीतर काम सोडा. तुम्ही तरी सांगा."

"माझं ऐकतो होय तो?"

"मग घरीच बसवते पुढच्या महिन्यापासून. मला माणूस हवाय."

धाकट्यानं मान डोलावली होती. पण घरी बसलेला थोरला कसा दिसेल हे त्याला ठाऊक होतं. मागं एकदा कावीळ झाली तेव्हा थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेव म्हटलं तर जेवायचा, ऊठ म्हटलं तर उठायचा. त्या घरात माणूस होता, पण थोरला नव्हता. तो जिवंत झाला तो हातात पाना आल्यावर.

आणि बसून काम करणं म्हणजे थोरल्याच्या लेखी बसलेलं काम. धाकट्यानं दोनदा स्टूल आणून ठेवलं होतं. थोरल्यानं त्यावर ग्रीसचा डबा ठेवला. "बसतं ते गिऱ्हाईक," तो म्हणायचा. "मेकॅनिक बसला की धंदा बसला."

मागच्या अंगणात भंगारात काढलेला एक ट्रक पडून होता. थोरल्यानं त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "लाकूड नको आता. याचंच टेबल करू. हा मागचा फाळका वर टाकायचा, आणि शाफ्टच्या नळ्यांचे पाय. हत्ती बसला तरी हलणार नाही."

तो एका नळीशेजारी ताठ उभा राहिला, कमरेशी हात धरला आणि तिथं खडूनं रेघ ओढली. बाकीच्या तीन नळ्यांवर टेपनं मापून तशाच रेघा. "इथं काप. जास्त नको, कमी नको."

दुपारी वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

धाकटा नळ्यांपुढे उकिडवा बसला. त्याचेही गुडघे आता कुरकुरत होते, पण त्याचं कोण विचारतं. त्यानं खडूची रेघ बघितली. मग रेघेच्या खाली आपली वीत टेकवली, तिथं खिळ्यानं ओरखडा काढला आणि करवत लावली. जन्मात त्यानं वाकडं कापलं नव्हतं. हेही वाकडं कापलं नाही.

चारही पाय वीतभर आखूड झाले. उरलेले चार तुकडे त्यानं एका ब्रेक ड्रमवर उभे वेल्ड केले आणि त्यावर जुन्या बसची ड्रायव्हरची सीट बसवली. सीट फाटकी होती, पण पाठ शाबूत होती. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे दोन तुकडे भिंतीला ठोकून त्यावर पाने टांगले, बसल्या जागेवरून हात पोचेल असे. हे सगळं करताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी थोरला आला आणि दारातच थबकला.

"हे काय रे?"

"टेबल."

"टेबल की पाट? बालवाडी काढायचीय का इथं?"

"खडूची रेघ पुसली गेली, दादा. अंदाजानं कापलं. चुकलं."

"अंदाजानं? तू?" थोरला त्याच्याकडे बघत राहिला. धाकटा हात पुसत राहिला. "बरं, तुकडे आण. सकाळी जोडून टाकू."

"तुकडे त्या सीटच्या बुडाला लागले. ती पडून होती, म्हटलं गिऱ्हाइकाला बसायला होईल."

थोरला सीटभोवती फिरला. वेल्डिंगवरून बोट फिरवलं. "जोड झकास घेतलायस," तो म्हणाला. "माप तेवढं गाढवासारखं."

दुसऱ्या दिवशी सकाळभर थोरला त्या टेबलावर वाकून, उभ्यानं काम करत होता. दर थोड्या वेळानं कंबर धरून सरळ व्हायचा, एक शिवी द्यायचा, परत वाकायचा. धाकटा एका गाडीखाली पडून ते सगळं ऐकत होता. त्याला वाटलं, आपण म्हाताऱ्याला उगाच जास्त छळतोय. उद्या नवे पाय लावून टाकावे, वहिनीला काय ते सांगावं.

मग ठोकाठोक थांबली. सीटची स्प्रिंग करकरली.

"धाकट्या, बाहेर ये."

धाकटा सरपटत बाहेर आला. थोरला सीटवर बसला होता. पाय ड्रमवर टेकलेले.

"चूक केलीस ना?"

"केली."

"मग पुरती कर. हा लोखंड पकडायचा शेगडा अजून उंच पडतोय मला. कानस चालवताना खांदा भरून येतो. तोही खाली घे."

धाकट्यानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथं नेहमीचाच वैताग होता, दुसरं काही नाही. त्यानं पाना घेतला, शेगड्याचे बोल्ट काढले आणि तो टेबलाच्या बाजूला, थोरल्याच्या कोपराच्या उंचीवर बसवून दिला.

"आता कसं?"

"चालेल. तुझ्या चुकीच्या मानानं बरं आहे."

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थोरला टेबलाची गोष्ट सांगायचा. टेम्पोवाल्यानं विचारलं, "उस्ताद, तुम्ही आणि बसून?"

"काय करणार? आमच्या धाकट्या बंधूंनी आयुष्यात एकदा माप घेतलं, त्याची शिक्षा मी भोगतोय."

सगळे हसायचे. धाकटाही हसायचा. पण एकदा ट्रकच्या हौद्याचं काम घेऊन आलेला एक जण म्हणाला, "माप तेवढं थोरल्यांनाच घेऊ द्या हं." धाकट्यानं टेप थोरल्याच्या मांडीवर ठेवली आणि तो मागच्या अंगणात निघून गेला. थोरल्यानं बसल्या बसल्या गिऱ्हाइकाला टेप धरायला लावून माप ओरडून सांगितलं. ते धाकट्यानं आधीच नजरेनं घेतलं होतं आणि तेच निघालं.

वहिनीनं घरी बसवायची गोष्ट परत काढली नाही. पायांची सूज चढायला आता संध्याकाळपर्यंत दम धरायला लागली. काही दिवस बरे जायचे, काही नाही. जे बरे जायचे नाहीत, त्या दिवशी थोरला सीटच्या पाठीला डोकं टेकून हुकूम सोडायचा आणि धाकटा दोघांचं काम करायचा. मग त्याच्यात घरी जाऊन जेवायचंही त्राण नसायचं.

थोरला गेल्यानंतर गॅरेज उघडलं तेव्हा टेबलावर टेम्पोचा कार्ब्युरेटर तसाच उघडा होता. बारीक भाग फडक्यावर ओळीनं मांडलेले. धाकटा उभ्यानंच जोडायला गेला. कंबर भरून आली. मग तो सीटवर बसला.

टेम्पोवाला दारात उभा होता. तो म्हणाला, "आता तरी पाय उंच करून घ्या की टेबलाचे. तुम्हाला तर धड उभं राहता येतं."

"राहू दे," धाकटा म्हणाला. "एकदा चुकलं ते चुकलं."

थोरला उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी पहाटे झोपेत गेला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तो कामावर होता.