मुंजाबा म्हणाला, ओव्हर

चार वाजायच्या आधीच मुंजाबाच्या पारासमोर पाय ठेवायला जागा उरत नसे. पांढुर्ण्याहून दोन जीपा, सौंसरहून बैलगाड्या, कापसाची वेचणी अर्धी टाकून आलेल्या बाया. एकजण तर शेजाऱ्याचं कानाचं मशीन मागून आला होता. सगळ्यांची नजर पिंपळाला बांधलेल्या भोंग्यावर. भोंगा खरखरला, की पाराचे पुजारी चिंधू महाराज दोन्ही हात वर करत.

"चूप! देव घसा साफ करून राहिला!"

मग मुंजाबा बोलायचा, "एक, दोन, तीन. ऐकू येते काय? ओव्हर."

"तीन! म्हणजे तीन दिवस उपास!" महाराज ओरडत. "आन् ऐकू येते काय म्हणून इचारून राहिला. येते ना रे?"

"येते, बाप्पा!"

"आन् शेवटी काय म्हनला?"

"ओवाळा!"

पन्नास ताटं एकदम फिरत. ताटातली संत्री पारावर जमा होत.

हे सगळं खोटं आहे, हे मला इतरांपेक्षा जरा आधी कळलं. कारण मुंजाबा मी होतो.

१९८६ चा डिसेंबर. पांढुर्ण्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सौंसर रस्त्यावरच्या माळावर काही हौशी मंडळी ग्लायडर घेऊन शिबिराला आली होती. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोरानं ओढून वर सोडायचं आणि पुढचं वाऱ्यावर सोपवायचं. त्यातला रेडिओ बिघडला, म्हणून शिबिराचे शिक्षक यशवंतराव मला घेऊन गेले.

"वर गेलेल्या पोराला मी 'उतर' म्हणतो, तर तो आणखी वर जातो," ते म्हणाले.

"पोरगं बिघडलं की रेडिओ?"

"तेच बघायला तुला आणलं."

ग्लायडर सावलीसाठी मुंजाबाच्या पारामागे, भिंतीला लागून उभं करत. रेडिओ ठीक होता, बॅटरीही ठीक. दुखणं अँटेनाचं होतं. कोणा हुशारानं 'लांब तेवढी चांगली' म्हणून साडेतीन फुटांची सळई बसवली होती आणि केबलची बाहेरची जाळी शेपटीपाशी सुटून लोंबत होती. आवाजाची ताकद अँटेनापर्यंत जायची आणि बरीचशी तिथूनच माघारी यायची. मी सळई कापून जेमतेम दोन फुटांवर आणली, जाळी कथलाचा डाग देऊन पक्की केली. मग रोज उड्डाणं संपली, की चार वाजता मी ग्लायडरात पाय पसरून बसे आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला यशवंतराव त्यांच्या रेडिओशी. त्यांचा आवाज माझ्या कानात येई. माझा आवाज कुठे कुठे जात होता, ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिंधू महाराज स्वतः प्रसाद घेऊन भिंतीमागे आले.

"घ्या जी. मुंजाबा बोलून राहिला कालपासून. तरणा आवाज हाय. एक, दोन, तीन म्हनते."

मी संत्र्याची फोड तोंडात तशीच धरली. भोंगा वीस पावलांवर होता. सगळं माझ्या ध्यानात आलं.

तेव्हाच भिंत ओलांडून सांगायला हवं होतं. मी काय केलं? संत्रं आंबट होतं. चार वाजता कळ दाबली आणि म्हणालो, "संत्री गोड पाहिजेत. ओव्हर."

"आज काय संत्र्याचं?" यशवंतराव कानात म्हणाले.

"चाचणी आहे, सर."

दुसऱ्या दिवशी साखरेसारखी संत्री आली. मी पोट धरून हसलो.

तिसऱ्या दिवशी यशवंतरावांनी विचारलं, "जास्तीची बॅटरी जोडली होती, ती चालू ठेवू का आता?"

"बंद करा. आता गरज नाही. ओव्हर."

यात मस्करी नव्हती. पण भिंतीपलीकडे त्याच वेळी कलाबाई हात जोडून उभी होती. कापूस वेचणारी बाई. पोरगी इंदू तेरा वर्षांची, तिला मिरगीचे झटके येत. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी वर्षभर एकही आला नव्हता. कलाबाईनं विचारलं होतं, "देवा, पोरीच्या गोळ्या आखीन किती दिवस?"

देव भक्ताला अहो-जाहो करून 'करा' म्हणतो, हे कोणालाच खटकलं नाही.

पाचव्या दिवशी नर्स लीलाबाई पारावर आली, ती थेट चिंधू महाराजांच्या अंगावर.

"इंदू चुलीपाशी पडली. हात भाजला पोट्टीचा. गोळ्या बंद कराले कोणं सांगतलं?"

"मुंजाबानं," महाराज म्हणाले. "मी नाही, बाई."

मी भिंतीआड होतो. हातात सोललेलं संत्रं. ते ठेवायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी भिंत ओलांडून पारासमोर आलो. गर्दी होतीच. कलाबाई होती, आणि लीलाबाईजवळ पट्टी बांधलेली इंदू.

"मुंजाबा बोलला नाही. मी बोललो," मी म्हणालो.

"हा रेडिओवाला पेऊन आला काय?" महाराज म्हणाले.

मी कलाबाईला भिंतीमागे नेलं, ग्लायडरात बसवलं, माइक तिच्या हाती दिला. "ही कळ दाबा आणि बोला."

"काय बोलू?"

"तुम्हाला वाटेल ते."

तिनं कळ दाबली. मग भोंगा खरखरला.

"इंदू, मी माय बोलून राहिली. लीलाबाईनं देल्ली ते गोळी घे. मुकाट्यानं घे."

"मुंजाबा बाईच्या आवाजात आला!" महाराज ओरडले. दहाबारा ताटं सवयीनं फिरलीसुद्धा.

मी पारावर जाऊन, भजनासाठी भोंग्याला जोडलेल्या आवाज मोठा करायच्या मशीनमधून माइकची वायर उपटली. "कलाबाई, आता बोला!"

भोंगा मुका. भिंतीमागून तिचा साधा आवाज तेवढा आला, "बोलली ना मी."

वायरचं टोक मी सगळ्यांच्या हातात दिलं. तीस फूट लांब, पिंपळाला गुंडाळलेली, मधला सांधा गंजलेला. लांब वायर म्हणजे अँटेनाच. ग्लायडरातून निघालेला आवाज तिनं पकडला, गंजलेल्या सांध्यानं रेडिओसारखा उलगडला आणि मशीननं मोठा केला. मी ग्लायडरची अँटेना जितकी सुधारली, तितका देव सुधारत गेला.

"आन् ओवाळा?" मागून कोणीतरी विचारलं.

"ओव्हर. माझं बोलणं संपलं, असा अर्थ."

चिंधू महाराज कधी निघून गेले ते कळलं नाही. कलाबाई भिंतीला वळसा घालून आली. मला वाटलं, मारेल. तिनं मारायला हवं होतं.

"हसत होता काय तू? आमी ओवाळत होतो तवा?"

"हो."

"गोड होती काय संत्री?"

ती इंदूला घेऊन लीलाबाईमागे दवाखान्याकडे चालू लागली.

इंदूला पुढे झटका आला नाही. हातावरचा डाग राहिला. तो मी केला, आणि कुठल्याही डाग देण्याच्या कामानं तो निघणारा नाही.

म्हणून सांगतो. औषध डॉक्टर सुरू करतात, बंदही त्यांनाच विचारून करा. आणि आभाळातून, झाडातून, भोंग्यातून आवाज आला, की हात जोडण्याआधी वायर धरून मागे मागे जा. दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला असतो. बहुतेक संत्रं खात.