उमसुनायच्या मुठीतला पट्टा

मी पट्टा बोलतोय. लाल, जाडाभरडा, सीमेलगतच्या बातकेन गावच्या शाळेतल्या कुस्तीच्या खोलीतला. आमच्याकडच्या कुस्तीत दोघी एकमेकींचा कमरपट्टा धरतात आणि डाव संपेपर्यंत सोडत नाहीत. सोडला की चूक. बढाई म्हणा हवं तर, पण माझ्याशिवाय कुस्तीच नाही!

मला शिवलं गुल्सून एजेंनी, म्हणजे गुल्सूनताईंनी, कुस्ती शिकवणाऱ्या बाईंनी. सीमेवर गोळीबार झाला, गावं जळली, आणि मुली शाळेत येऊन नुसत्या भिंतीला टेकून बसू लागल्या. "रडा, नाहीतर कुस्ती खेळा. नुसतं बसायचं नाही," एजे म्हणाल्या.

त्यांतली एक उमसुनाय. अंगात ताकद बैलाची, पण कुठे दार आपटलं की हिचे हात सुटलेच. पळापळीत जर्दाळूच्या बागेत धाकट्या भावाचा, तिलेकचा हात तिच्या हातून निसटला होता. पोरगा संध्याकाळी शेजाऱ्यांकडे सुखरूप सापडला, पण तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. तिलेक टोमणे मारायला मोकळा: "ही काय पट्टा धरणार! मलाच सोडलं हिनं."

एजे मला स्वतःच्या कमरेला बांधायच्या. "धर. सुटला? परत धर. मी कुठं पळून चाललेय?" वर्षभर रोज हेच.

नौरोजच्या, नव्या वर्षाच्या जत्रेत मला पलीकडच्या गावच्या बुरुलच्या कमरेला बांधलं. समोर उमसुनाय. कुस्ती रंगात आली आणि धाडकन ट्रॅक्टरचं टायर फुटलं.

बुरुलनं उमसुनायचा पट्टा सोडला आणि कान झाकून मटकन खाली बसली. तिचंही गाव जळलेलं. आता उमसुनायच्या मुठीही उघडणार! माझा जीव टांगणीला लागला. पण मुठी उघडल्या नाहीत!

पंच चूक द्यायला निघाले, तोच ती म्हणाली, "थांबा ना काका." माझ्यासकट तिनं बुरुलला वर ओढलं. "ऊठ गं. टायर फुटलं मेलं. धर माझा पट्टा."

बुरुलनं तो असा धरला की पुढच्याच डावात उमसुनाय चीत! याला म्हणतात उपकाराची फेड.

"हरलीस की," तिलेक म्हणाला.

"हरले. पण सोडलं का?"

त्यानं वाकून बघितलं. मी अजून तिच्या दोन्ही मुठींत होतो. "नाही सोडलं," तो हळूच म्हणाला. त्या दिवशी माझी छाती अभिमानानं फुगली.

आता माझे टाके उसवलेत. एजे नवा पट्टा शिवणार आहेत, शिवू देत. पण मला फेकू नका. एखादी घाबरलेली पोर आली, तर तिला पहिल्यांदा मलाच धरू द्या. मला सवय आहे.